पिन तीनदा मोडली तेव्हा कुठं शॉकअप मोजला

आमच्या जीपची मागची उजवी शॉकअपची (धक्के जिरवणाऱ्या शॉक अॅब्जॉर्बरची) पिन दीड वर्षात तीन वेळा मोडली. पहिल्यांदा मोडली तेव्हा म्हटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. दुसऱ्यांदा वेल्डरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मात्र डोक्यातच गेलं, आणि मग जे काय केलं ते पहिल्याच वेळी करायला पाहिजे होतं, उगाच दीड वर्ष पैसे आणि रविवार घालवले. म्हणून सगळं लिहून ठेवतोय, कुणाकडं अशी पाट्यांची म्हणजे लीफ स्प्रिंगची जुनी जीप असेल तर त्याचा तरी रविवार वाचेल.

गाडी म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, १९९३ ची. प्यूजोच्या डिझाइनचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी, पळायच्या नावानं बोंब पण फोर व्हील लो मध्ये टाकली की चिखलातनं म्हशीसारखी शांतपणे निघते. आबांनी ती घेतली तेव्हा आधीचा मालक तिच्यातनं दूध गोळा करायचा. चाळीस लिटरचे बारा कॅन म्हणजे नुसतं दूधच पाचशे किलोच्या घरात, वर कॅनचं वजन, वर बाजूच्या पट्टीवर बसलेली दोन माणसं. जत्रेच्या दिवसात वडाप (भाड्यानं माणसं भरून नेणं) पण मारायचा म्हणे. तर त्यानं मागं दोन्हीकडं एकेक जादा पाटा घातलेला आणि गाडी मागनं बसू नये म्हणून शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या) पण लांब करून घेतलेले. हे मला माहीत होतं. पण ह्याचा आणि पिन मोडण्याचा काही संबंध असेल असं डोक्यात आलंच नाही, आणि सगळी गोष्ट इथंच आहे.

आमचं शेत गगनबावडा तालुक्यात. तिकडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला वाट कशी असते ते सांगायला नको. पाऊस संपतो न संपतो तोवर ऊसतोड सुरू होते, भरलेल्या ट्रॉल्या त्याच ओल्या वाटेनं जातात आणि गुडघाभर चाकोऱ्या पाडतात, मग ऊन लागलं की त्या चाकोऱ्या सिमेंटसारख्या कडक होतात. जीपची चाकं ट्रॉलीच्या चाकोरीत बसत नाहीत, एक चाक आत आणि एक वर असं तिरकं चालावं लागतं. एक मागचं चाक वर चढलेलं आणि दुसरं खड्ड्यात लोंबकळतंय असं सतत. हे लोंबकळणारं चाक लक्षात ठेवा.

आता जोडणी काय आहे ते थोडक्यात सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढं जा. ह्या जीपला मागं हाऊसिंगच्या (दोन चाकांमधल्या आसाच्या कवचाच्या) खालनं पाटे जातात, वरनं यू-बोल्ट येतात आणि खाली एका जाड पट्टीत आवळले जातात. त्याच पट्टीला एक आडवी पिन असते, तिच्यात शॉकअपचा खालचा डोळा म्हणजे गोल कडं बसतो, मधे रबरी बुश (अस्तर), मग वायसर आणि स्प्लिट पिन. वरचा डोळा चासीला (गाडीच्या सांगाड्याला) रिबिट मारलेल्या ब्रॅकेटच्या पिनेत. विलीजच्या काळापासनं हीच पद्धत आहे आणि साधी आहे म्हणून मला आवडते, पण दोन्ही पिना एकाच बाजूनं धरलेल्या, दुसरं टोक मोकळं. म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी. खुंटीवर जेवढं लांब अडकवाल तेवढी ती मुळाशी वाकणार. वर ही खालची पिन गाडीच्या सगळ्यात खालच्या भागात, चिखल दगड सगळं तिच्यावरनं जाणार.

पहिल्यांदा मोडली ती नोव्हेंबरात. चाकोरीतनं बाहेर काढताना टाक् असा आवाज आला, मला वाटलं दगड उडाला. घरी आलो तर शॉकअप खाली लोंबतोय. रस्त्यावरच्या वेल्डरनं त्याच पट्टीला एक बोल्ट डोकं कापून समोरनं चिकटवून दिला, पंधरा मिनिटांचं काम, दीडशे रुपये. अडीच महिने टिकला. मग दुसऱ्या वेल्डरकडं गेलो, त्यानं जरा जाड बोल्ट लावला आणि भोवती वेल्डिंगचा असा ढिगारा केला की बुशच आत बसेना, मग ग्राइंडरनं तो ढिगारा घासला, म्हणजे घातलेली ताकद परत काढली. तो पुढच्या हंगामापर्यंत गेला. तिसऱ्या वेळी पिन तर गेलीच, शिवाय वरच्या ब्रॅकेटच्या तीन रिबिटांतल्या दोन ढिल्या होऊन ब्रॅकेट टकाटका हलायला लागलं.

मधल्या काळात सल्ले भरपूर मिळाले. एकजण म्हणाला मागचे शॉकअप काढूनच टाक, आमच्या भागात निम्म्या जीपा तशाच फिरतात. खरं आहे ते, एवढे पाटे एकमेकांवर घासतात की त्या घासण्यानंच उसळी थोडीफार मरते, त्यामुळं शेतातल्या वाटेवर फरक कळत पण नाही. पण मी महिनाभर उजवा शॉकअप नसताना भुईबावडा घाट उतरलोय, वळणावर खड्डा आला की मागचं उजवं ढुंगण स्वतःच्या मनानं बाजूला सरकतं. परत करणार नाही. दुसरा म्हणाला गॅसचे हेवी ड्युटी टाक, बघायचं काम नाही. टाकले असते तर तेही तिथंच मोडून घेतले असते हे आता कळतंय.

शेवटी एक दिवस सुट्टी टाकली, मोडकी पट्टी आणि शॉकअप दोन्ही काढले आणि थेट कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गेलो. उद्यमनगर माहीत नसेल त्यांच्यासाठी, एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत फौंड्रीचा माल, तिसरीत गिअर कापणारा, कागदावर नुसतं चित्र काढून दिलं तरी संध्याकाळी वस्तू हातात देतील अशी माणसं. तिथं एक वयस्कर टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी म्हटलं, "मामा, ह्या मापाची चांगली जाड पिन करून द्या, परत मोडली नाही पाहिजे." मामांनी पट्टी हातात घेतली, पिनेचा जो खुंट राहिलेला त्याच्यावर चिंधी फिरवली, डिझेलचा थेंब टाकून परत पुसला आणि मला उजेडात नेलं.

मोडलेलं तोंड एवढ्या जवळनं मी कधी बघितलंच नव्हतं. तीन वेळा मोडून तीनही वेळा मी नुसतं "मोडली" म्हणून पुढं गेलेलो. त्या गोलाचा खालचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट तांबूस होता आणि त्याच्यावर बारीक कमानी होत्या, ओढ्याच्या काठाला पाणी उतरत जाताना वाळूवर रेघा राहतात ना अगदी तशा, एकाआत एक. आणि वरच्या कडेला चंद्रकोरीएवढाच भाग करडा, दाणेदार, चमकणारा. मामा म्हणाले, "ह्ये काळं हाय नव्हं, ते सहा म्हैने झालं तुटाय लागलंय. तू घरी आलास त्या दिवशी फकस्त ह्यो एवढा करडा तुकडा तुटला." म्हणजे भेग खालच्या बाजूनं सुरू झाली, रोज थोडी थोडी वर सरकत गेली, आत पाणी शिरून गंज धरला, आणि उरलेल्या चिमूटभर लोखंडानं शेवटी मान टाकली.

मग त्यांनी विचारलं, तुकडा हाय का? होता, डब्यात. तो तुकडा खुंटाला लावून धरला तर पिन किंचित वर वाकलेली. मागं नाही, वर. "दगड लागून मोडली असती तर मागं वाकली असती का नाय? ही वर वाकलीया. म्हंजी शॉकअपनं हिला वर ओढलंय. दाबताना मोडली असती तर खाली गेली असती. ह्यो शॉकअप कुठनं आणलाय?"

मी जरा गप्पच झालो. कारण शॉकअप तेच होते जे दुकानदारानं "५४० चा मागचा" म्हणून दिलेले. आणि ते ५४० चेच होते, त्यात दुकानदाराची काही चूक नाही. फक्त आमची ५४० ही कंपनीतनं निघालेली ५४० राहिलेलीच नव्हती. जादा पाटा, लांब शॅकल, चासी मागनं वर उचललेली. मूळ लांबीचा शॉकअप पुरणार कसा? चाक खड्ड्यात गेलं की हाऊसिंग खाली जाऊ बघतं, शॉकअप पूर्ण उघडतो, आतला पिस्टन वरच्या टोकाला जाऊन आपटतो आणि त्यानंतर तो शॉकअप राहतच नाही, नुसतं दावं होतं. दाव्याला बांधलेलं जनावर हिसका मारतं तसं ते हाऊसिंग, चाक, ड्रम सगळं त्या पिनेला हिसका मारणार, प्रत्येक चाकोरीत. खुंटी उपटणार नाहीतर काय. उजवीच का मोडायची ते पण कळलं, आमच्या वाटेला बांध डावीकडं आहे, त्यामुळं लोंबकळायचं काम कायम उजव्या चाकाकडं.

आणखी एक गोष्ट मामांनी वर्नियर लावून दाखवली. पिन मूळ १६ मिमीची, पण मुळाशी बुश कधीच खाऊन गेलेला आणि डोळ्याच्या लोखंडी कडेनं घासून घासून तिथं खाच पडलेली, माप भरलं १४. दोन मिमीनं काय होतंय असं वाटतं, पण गोल सळी वाकवणारा जोर किती सोसते ते व्यासाच्या घनावर जातं, म्हणजे १४ चा घन भागिले १६ चा घन, येतात ०.६७. एक तृतीयांश ताकद नुसत्या घासण्यात गेली, आणि तीसुद्धा नेमकी जिथं जोर सगळ्यात जास्त तिथं. वर खाचेची कड धारदार, भेगेला सुरुवात करायला आयती जागा.

"आधी मापं घेऊन ये, पिन काय दोन तासांत करून देतो," म्हणाले. मग परत गावी.

मापं घेणं म्हणजे तसं सोपं काम आहे पण घाई करू नका. दोन्ही शॉकअप काढले, पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकनं मागची चासी उचलून खाली घोड्या (लोखंडी स्टँड) दिल्या. जॅकवर ठेवून खाली शिरू नका, मी हे ओरडून सांगतोय. घोडी नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. चाकं पूर्ण अधांतरी लोंबायला लागली की वरच्या पिनेच्या मध्यापासनं खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत टेप लावली. आबा टेपचं दुसरं टोक धरून होते आणि "एवढ्यासाठी सुट्टी?" असं दोनदा विचारून झालेलं. माप आलं ५३० मिमी. काढलेला शॉकअप हातानं पूर्ण ओढून मोजला, ५००. तीन सेंटीमीटर. एवढ्यासाठी तीन पिना.

दाबलेलं माप घेताना गंमत झाली. उजवं मागचं चाक बांधावर चढवलं आणि चुलत भावाची पोरं, गडी, शेजारचे दोघं असे आठजण मागं बसवले, तरी तो जादा पाटा काय दबेना, बंप रबराला (पाटा पूर्ण दबला की हाऊसिंग ज्याला टेकतं त्या रबराला) टेकायला ४० मिमी राहिलंच. खताची पोती टाकायला आबा तयार नव्हते. मग तिथंच डोळ्यापासनं डोळ्यापर्यंत मोजलं, ३८५, त्यातनं ४० वजा केले, ३४५. शॉकअप थोडा तिरका असतो म्हणून दोन-चार मिमी इकडंतिकडं, पण कामापुरतं बास. रबर स्वतः आणखी १५ एक मिमी दबेल असं धरलं, म्हणजे ३३०. थोडक्यात मला बंद असताना ३३० पेक्षा कमी आणि उघडल्यावर ५३० पेक्षा जास्त असा शॉकअप पाहिजे होता. ही दुसरी बाजू पण तेवढीच महत्त्वाची बरं का, नुसता लांब आणला आणि तो बंद असतानाच जास्त लांबीचा निघाला तर रबर टेकायच्या आधी शॉकअप टेकणार आणि ह्यावेळी पिन खाली वाकून मोडणार. शेवटी मार्केटमध्ये दुकानदाराच्या नाकी नऊ आणून, गाडीचं नाव न सांगता फक्त माप सांगून, बंद ३२० आणि उघडा ५५० असा मिळाला, दोन्ही टोकांना डोळा. तो कुठल्या गाडीचा आहे ते त्यानं सांगितलं, मी विसरलो, फरक पडत नाही.

चाकं लोंबत होती तेव्हाच एक भयानक गोष्ट दिसली. चासीवरनं हाऊसिंगकडं येणारी ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. आजवर आखूड शॉकअपच्या कृपेनं हाऊसिंग एवढं खाली जातच नव्हतं, आता लांब शॉकअप टाकला असता तर पिन वाचली असती आणि ब्रेक गेले असते. शॉकअपची लांबी वाढवणार असाल तर नळी बघितल्याशिवाय गाडी घोड्यांवरनं उतरवू नका. लांब नळी टाकली, ब्रेकची हवा काढली, त्यात अर्धा दिवस गेला, पण त्याबद्दल तक्रार नाही.

आता पिना. मला १९ मिमीची जाड पिन करायची खाज होती, पण मामांनी नाही म्हणून सांगितलं, नव्या शॉकअपचा बुश १६ चा, भोक मोठं केलं तर रबर पातळ होणार. ईएन-८ ह्या पोलादाचा बार घेतला. पिनेला मुळाशी कॉलर (जाड गोल कडं) ठेवली, आणि कॉलर जिथं पिनेला मिळते तिथं काटकोन न ठेवता ३ मिमीची गोलाई दिली, बोट फिरवलं तर कुठं कड लागत नाही अशी. कॉलरच्या मागं आणखी एक टप्पा, तो पट्टीच्या भोकातनं आरपार जातो आणि पलीकडनं वेल्ड होतो. रस्त्यावरच्या कामात आणि ह्या कामात सगळा फरक एवढाच आहे. तिथं बोल्ट समोरनं चिकटवला होता, म्हणजे वाकायचा सगळा जोर नेमका वेल्डिंगवर. इथं जोर पट्टीच्या भोकावर आणि कॉलरवर येतो, वेल्डिंग फक्त पिनेला बाहेर पडू देत नाही.

वेल्डिंगसाठी शेजारच्या शेडमधल्या पोरानं ६०१३ ची साधी वेल्डिंग रॉड उचलली तर मामांनी ती काढून भेगा कमी पडणारी ७०१८ दिली, भट्टीजवळ ठेवून कोरडी केलेली. पट्टी आणि पिन आधी गॅसनं गरम केली, पाणी शिंपडलं तर चर्र होऊन उडून जाईल इतकी, मग वेल्ड मारलं आणि लगेच राखेच्या डब्यात पुरून ठेवलं. मी चहा प्यायला जाऊन आलो तरी हात लावू देईनात. ईएन-८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो, पटकन गार केलं तर वेल्डच्या कडेचं लोखंड काचेसारखं ठिसूळ होतं. मग मला आठवलं, माझ्या पहिल्या वेल्डरनं काम झाल्यावर पट्टी बादलीत बुडवून हातात दिलेली, आणि मी खूश, गरम लागली नाही म्हणून.

वरचं ब्रॅकेट घरीच केलं. ढिल्या रिबिटांची डोकी ग्राइंडरनं उडवली, सुंब्यानं ठोकून बाहेर काढल्या, भोकं लांबट झालेली ती ड्रिलनं गोल करून घेतली आणि मागनं ६ मिमीची पट्टी देऊन ८.८ ग्रेडचे मजबूत बोल्ट, आपोआप ढिले न होणारे नायलॉक नट. ब्रॅकेट चासीला सरळ वेल्ड करून टाक असं सगळ्यांनी सांगितलं, मी केलं नाही. चासीच्या वरच्या खालच्या कडेला आडवं वेल्डिंग मारलं की पुढं कधीतरी चासी तिथंच चिरते, पिन दीडदोनशे रुपयांत मिळते, चासीचं काय करणार? बोल्ट मारण्याआधी मधल्या जागेतला गंज खरवडून रेड ऑक्साइड लावला. त्या खरवडण्यात जुना निळा रंग निघाला, गाडी आधी निळी होती हे मला माहीत नव्हतं, आबांना पण नाही.

शॉकअप चढवताना एकच लक्षात ठेवलं, नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. लोंबत असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत चिमटला जातो आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो, मग सहा महिन्यांत फाटतो, मग परत लोखंडावर लोखंड, परत खाच.

खर्च सांगतो, लोक विचारतात. दोन्ही बाजूच्या पिना, बार आणि वेल्डिंगसकट चौदाशे, डावी पण करून घेतली कारण तिच्या मुळाशी पण खाच होतीच. शॉकअपची जोडी तीन हजार सहाशे, ब्रेकची नळी, तेल, बोल्ट मिळून सहाशेच्या आत. मामांनी मापाचा सल्ला दिला त्याचे पैसे घेतले नाहीत, उरलेला ईएन-८ चा वीतभर तुकडा मात्र ठेवून घेतला.

ह्या हंगामात त्याच वाटेनं, त्याच चाकोऱ्यांतनं आठवड्याला दोन खेपा चालू आहेत. महिन्यातनं एकदा मी खाली वाकून पिनेच्या मुळाशी चिंधी फिरवतो आणि टॉर्च मारून खालची बाजू बघतो, अजून तरी स्वच्छ आहे. चाक खड्ड्यात गेलं की आधी जो ठक्क असा धक्का सीटमधनं पाठीत यायचा तो गेला, आता हाऊसिंग आरामात खाली जातं आणि वर येतं. परवा आबांना मुद्दाम त्या बांधाजवळनं नेलं, म्हटलं बघा आता कशी चालते. ते मागं वळून पाट्यांकडं बघत बसले, आणि घरी पोचल्यावर म्हणाले, "चांगलं केलंस, आता खताची चार पोती जास्त बसतील."